शेगडीवरचा पर्कोलेटर की विजेवरचा?

पर्कोलेटर, म्हणजे गरम पाणी पुडीतून पुन्हा पुन्हा फिरवून कॉफी करणारं भांडं, घ्यायचा हे ज्यांचं पक्कं झालंय, पण शेगडीवरचा की विजेवरचा इथे गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी विजेवरचा घेतला, तो चार वर्षं रोज वापरला. आता रोजची कॉफी शेगडीवरच्यात होते आणि विजेवरचा वरच्या फळीवर असतो. घरी आठ-दहा माणसं जमली की तो खाली उतरतो.

आधी एक गल्लत दूर करतो. १९३३ साली इटलीत आलेला बियालेत्ती कंपनीचा मोका पॉट म्हणजे पर्कोलेटर नव्हे. मोका पॉटमध्ये पाणी वाफेच्या दाबाने कॉफीतून एकदाच वर चढतं आणि वरच्या भांड्यात साठतं. पर्कोलेटरमध्ये तीच कॉफी पुन्हा पुन्हा फिरते. त्यामुळे दळण वेगळं, आच वेगळी, वेळही वेगळी. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की दोन्हीकडे कॉफी बिघडते.

हे फिरणंच पर्कोलेटरच्या बदनामीचं मूळ आहे. पर्कोलेटरची कॉफी कडू होते असं सर्रास ऐकू येतं, आणि ते अगदीच खोटं नाही. १८८९ साली अमेरिकेत हॅन्सन गुडरिच यांनी शेगडीवरच्या पर्कोलेटरचं पेटंट घेतलं, त्यानंतर त्याची रचना फारशी बदललेली नाही. बुडाशी पाणी, मधोमध नळी, नळीवर अडकवलेली जाळीची टोपली. वाफेचे बुडबुडे पाण्याला नळीतून वर ढकलतात, ते टोपलीवर सांडतं, कॉफीतून झिरपून खाली येतं आणि परत वर चढतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला वर जातं ते पाणी नसतंच, अर्धीमुर्धी तयार कॉफी असते. कॉफीच्या पुडीतलं जे जे विरघळू शकतं ते सगळं कपात उतरायला नको असतं. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरला की चव जमते असं साधारण मानतात. त्याच्या पुढे जे उतरतं ते कडू आणि तुरट. पर्कोलेटरला वेळेवर थांबवलं नाही तर तो त्या हद्दीच्या पार जातोच. तेव्हा या दोघांत निवड करताना मी आकार, चकाकी, वॉट वगैरे बाजूला ठेवून एवढंच बघेन की थांबवण्याचं काम कोण करणार, मी की यंत्र.

विजेवरच्यात ते काम थर्मोस्टॅट करतो. या भांड्याच्या बुडाशी मधोमध वाटीसारखा एक छोटा खळगा असतो. मुख्य उष्णता त्या खळग्यालाच मिळते, म्हणून तिथलं थोडंसं पाणी लगेच उकळतं आणि भांड्यातलं बाकीचं पाणी गार असतानाच नळी बोलायला लागते. अख्खं भांडं पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट मुख्य उष्णता तोडतो आणि फक्त गरम ठेवण्यापुरती चालू ठेवतो. तुम्ही बटण दाबून आंघोळीला गेलात तरी परत येईपर्यंत कॉफी तयार. सकाळच्या घाईत हे सुख फार मोठं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. माझ्या अनुभवात आठ कपांना आठ-नऊ मिनिटं लागतात आणि चव रोज जवळजवळ तीच येते.

फक्त हे लक्षात ठेवा की थर्मोस्टॅट वेळ मोजत नाही, तापमान मोजतो. म्हणून त्यात पाणी गारच घालायचं. घाई आहे म्हणून कोमट पाणी घातलं तर भांडं लवकर तापतं, नळी लवकर थांबते आणि कॉफी पाणचट होते. पहिले काही महिने मी हेच करत होतो आणि पूड वाढवत होतो. तीच गोष्ट अर्ध्या भांड्याची. पाणी कमी म्हणजे ते लवकर तापणार, म्हणजे फेऱ्या कमी होणार. आठ कपांचं भांडं दोन कपांना चांगलं चालत नाही, निदान माझं तरी कधी चाललं नाही.

पण यातल्या कशामुळेही मी तो सोडला नसता. गार पाण्याची सवय होते, पूड किती घालायची तेही हाताला कळतं. मी तो सोडला त्या खळग्यामुळे.

झालं असं की तिसऱ्या वर्षी कॉफीला एक विचित्र चव यायला लागली. कडू म्हणावी तर कडू नाही, जुनाट, किंचित खवट. मी बियांना दोष दिला आणि बिया बदलल्या, एकदा नाही, तीनदा. नंतर पाण्यावर संशय आला, म्हणून गाळलेलं पाणी वापरून पाहिलं. दळायचं यंत्र उघडून साफ केलं. काही फरक पडला नाही. मग एके दिवशी सकाळी कोरडं, रिकामं भांडं सहज नाकाजवळ धरलं आणि तोच वास आला. बॅटरी मारून आत बघितलं तर खळग्याच्या कडेने तपकिरी, चिकट थर बसलेला. कॉफीत तेल असतं. ते रोज थोडं थोडं तिथे साचतं, त्यावर रोज उष्णता बसते आणि ते खवट होतं. वर पाण्यातले क्षार त्याला धरून ठेवतात.

मग तो थर काढायला गेलो आणि खरी अडचण कळली. विजेचा भाग बुडाशी असल्यामुळे हे भांडं पाण्यात बुडवता येत नाही. एका हाताने ते तिरकं धरायचं, दुसऱ्या हाताने बाटलीचा ब्रश आत घालायचा, आणि खाली जिथे प्लग लागतो तिथे थेंब जाणार नाही ही काळजी सतत. ब्रश खळग्याच्या तळाला टेकतो, कडेला पोचत नाही. व्हिनेगर घालून एकदा चालवला, मग नुसत्या पाण्याने दोनदा. क्षार निघाले. तेलासाठी खायचा सोडा गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवला. बरंच निघालं, सगळं नाही. महिन्याभराने वास परत. दर आठवड्याला हे सगळं करणारी चिकाटीची माणसं असतील, त्यांना कदाचित हा त्रास होणारही नाही. मला मात्र रोज पहिला घोट घेताना आज वास येतोय का हेच शोधायची सवय लागली. कॉफी पिण्यातली गोडीच गेली.

शेगडीवरच्यात आत काही लपलेलं नाही. स्टीलचं सरळ भांडं, नळी, टोपली, टोपलीवरची जाळी आणि झाकण. पाचही वस्तू सुट्या होतात, पाण्यात बुडतात, हात तळापर्यंत जातो. कॉफी ओतून झाल्यावर दोन मिनिटांत लखलखीत. नळीत मात्र बारीक ब्रश रोज फिरवा, तेल तिथेही बसतं.

आता थांबवायचं काम तुमच्याकडे येतं. माझी पद्धत सांगतो. पाणी आधी वेगळं उकळून घेतो आणि पर्कोलेटरमध्ये ओततो. विजेवरच्यात जे चालत नाही तेच इथे फायद्याचं ठरतं, कारण पाणी तापेपर्यंत टोपलीतली पूड वाफेवर शिजत बसत नाही. मग पूड भरलेली टोपली बसवतो आणि मध्यम आचेवर ठेवतो. झाकणावरच्या काचेच्या घुंडीत पहिला उसळा दिसला की लगेच आच अगदी मंद करायची. दोन-तीन सेकंदांनी एक उसळा, एवढाच वेग हवा. घुंडीत सतत खळखळ दिसत असेल तर कॉफी नुसती उकळतेय असं समजा. पहिल्या उसळ्यापासून मी सहा मिनिटं मोजतो, गडद भाजलेल्या बियांना पाच. गॅस बंद केला की टोपली लगेच बाहेर काढायची. हे फार जण करत नाहीत. टोपली आत राहिली तर वाफ चोथ्यावर जमून टपकत राहते आणि शेवटचा कप पहिल्यापेक्षा कडू होतो.

ही सहा मिनिटं तुम्हाला शेगडीजवळ उभं राहावं लागतं, हे मान्य करायला हवं. लक्ष दुसरीकडे गेलं तर कॉफी वाया जाते, ती दुरुस्त होत नाही. मूठ ज्वाळेच्या बाजूला आली तर पोळते. छोट्या बुडाचं भांडं शेगडीच्या जाळीवर डगमगतं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचं चालणारच नाही, चुंबक चिकटणाऱ्या स्टीलचंच घ्यावं लागेल. आणि कॉफी गरम ठेवायची सोय नाही. या शेवटच्या गोष्टीचं मला वाईट वाटत नाही, कारण विजेवर गरम राहिलेली कॉफी अर्ध्या तासात उग्र होते. मी ती सरळ थर्मासमध्ये ओततो. तुमच्याकडे विजेवरचा असला तरी थर्मास वापराच.

कॉफीची निवड दोन्हीला सारखीच, म्हणून थोडक्यात. दळण जाडसर हवं, जाड्या मिठाच्या खड्यांसारखं. तयार पुड्या बहुतेक बारीक असतात, त्यामुळे कपात गाळ येतो आणि टोपली तुंबली तर पाणी कडेने वाहतं. जमलं तर बिया घेऊन घरीच दळा. बिया मध्यम भाजलेल्या घ्या. काळ्याकुट्ट, तेलकट बिया या फिरण्यात फार लवकर कडू होतात. बियांच्या दोन मुख्य जातींपैकी मला नुसती अरेबिका आवडते. दुसरीत, म्हणजे रोबस्टात, कॅफिन जवळपास दुप्पट असतं आणि चव मुळातच कडवट, पर्कोलेटरमध्ये ती आणखी वर येते असं मला वाटतं. दूध घालून पिणाऱ्यांना थोडी रोबस्टा बरीही लागेल. प्रमाण मी लिटरला ५० ग्रॅम ठेवतो. एरवी ५५ ते ६० सांगतात, पण इथे पाणी अनेकदा फिरतं, त्यामुळे थोडी कमी पुरते. टोपली भरण्याआधी ती पाण्याने ओली करा, बारीक कण जाळीला चिकटून राहतात. मधोमध भोक असलेला गोल कागदी फिल्टर मिळाला तर वापरून बघा. गाळ थांबतोच, शिवाय कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य कागदात अडकतं. ते कोलेस्टेरॉल वाढवतं, तेव्हा दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा.

विजेवरचा कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे रोज सहा-आठ कप लागतात, भांडं पूर्ण भरतं, सकाळी शेगडी मोकळी नसते आणि जे तो खळगा न कंटाळता साफ करतील, त्यांनी बेलाशक घ्यावा. घेताना झाकण काढून बोट आत घाला. खळगा उथळ असेल आणि त्याच्या कडेला बोट सहज फिरत असेल तर माझी निम्मी तक्रार तुम्हाला लागू होणार नाही. दोघांचं घर असेल, किंवा कप कधी दोन, कधी पाच असे बदलत असतील, तर मी शेगडीवरचाच घ्या म्हणेन. त्यात अर्धं भांडंही जमतं, कारण किती वेळ ठेवायचं हे तुमच्या हातात असतं.

तो घेताना झाकण लावून भांडं ओतल्यासारखं वाकवा. झाकण निसटत असेल तर ते भांडं दुकानातच ठेवून द्या, कारण भरलेलं भांडं वाकवताना ते उकळत्या कॉफीसकट कपावर पडतं. घुंडी शक्यतो काचेची असावी. प्लॅस्टिकची काही महिन्यांत पिवळी पडते आणि मग आतला रंग दिसत नाही. माझी काचेची घुंडी एकदा गरम असताना गार पाण्याखाली धरली आणि तडकली. तेव्हापासून एक जास्तीची आणून ठेवली आहे आणि झाकण गार झाल्याशिवाय धुवायला घेत नाही.