फर्नेस चांगलीच होती, गेले ते ७,४०० डॉलर

आई म्हणत होती, डोकं जड वाटतंय. आम्ही म्हणत होतो, जेट लॅग. नाशिकहून येऊन महिना झाला होता, आता कसला जेट लॅग, हे घरात कोणालाच सुचलं नाही. रविवारी ऑरोराच्या बालाजीला गेलो की तिला एकदम बरं वाटायचं. देवाची कृपा, असं म्हणून आम्ही मोकळे.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये आमचं घर आहे. बायकोच्या बाळंतपणासाठी आई येणार म्हणून मागच्या उन्हाळ्यात बेसमेंट करून घेतलं: एक बेडरूम, एक बाथरूम. ओळखीतून मिळालेला माणूस होता. बांधकामाचं परमिट काढायचं का, असं विचारलं तर म्हणाला, "कशाला? टॅक्स वाढेल." मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू?

फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, आणि वॉटर हीटर बेसमेंटच्या कोपऱ्यात उघड्यावरच होते. आवाज नको म्हणून त्यांच्याभोवती भिंती उभ्या करायला मीच सांगितलं. त्याने ७ बाय ६ ची खोली केली, भक्कम दार बसवलं आणि दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली. बाहेरून एक गोल पाईप आत येत होता, त्यातून गार वारा यायचा. त्याच्या तोंडात त्याने इन्सुलेशनचा कापूस कोंबला. मी शाबासकी दिली!

जानेवारीत बाहेर उणे १८ असताना ४९ डॉलरच्या फर्नेस ट्यून-अपचं कूपन पत्रपेटीत आलं. आलेल्या टेक्निशियनला मी आपण होऊन सांगितलं की आईचं डोकं दुखतं आणि घरात पाच आठवड्यांचं बाळ आहे. त्याला आणखी काय हवं होतं? वीस मिनिटं टॉर्च मारून तो वर आला आणि फोनवर फोटो दाखवला. गंजलेला पत्रा, त्यात केसाएवढी चीर. "हीट एक्स्चेंजर फुटलाय." म्हणजे ज्वाळा आणि घरभर फिरणारी हवा यांच्यामधला पत्रा. त्याने गॅसची चावी बंद केली, फर्नेसला लाल कागद बांधला आणि म्हणाला, "आता चालू केली तर माझं लायसन्स जाईल."

दोन तासांत त्यांचा सेल्समन हजर. ७,४०० डॉलर, आजच बसवतो. सही झाल्यावर त्याने एक कोरा कागद पुढे केला आणि माझ्याच अक्षरात लिहून घेतलं की ही माझी इमर्जन्सी आहे आणि करार रद्द करण्याचा हक्क मी सोडतो. तो कागद कशासाठी, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत घरी येऊन केलेली अशी विक्री तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येते. खरीच इमर्जन्सी असेल आणि गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने तसं लिहून दिलं असेल, तरच ती पळवाट मिळते. संध्याकाळी जुनी फर्नेस ते घेऊनही गेले. नऊ वर्षांची होती. बऱ्याच कंपन्या हीट एक्स्चेंजरवर वीस वर्षांची वॉरंटी देतात, पण ती मागायला मशीन तरी हातात हवी.

या सगळ्या धसक्यात एक बरं काम झालं. इलिनॉयमध्ये २००७ पासून प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे वास नसलेल्या विषारी वायूचा, अलार्म हवा, असा कायदा आहे. वर आमच्याकडे होता. बेसमेंटची बेडरूम परमिटशिवाय केलेली, त्यामुळे तिथे तपासायला कोण येणार? दुकानातून आणून मी तिथे एक लावला.

नव्या फर्नेसच्या नवव्या रात्री, दोन वाजता, तो वाजला.

बाळाला दुलईत गुंडाळून आम्ही गाडीत बसलो आणि ९११ ला फोन केला. फायर ब्रिगेडवाल्याने वॉटर हीटरजवळ मीटर धरला तर ८५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ८५ भाग कार्बन मोनॉक्साइड. हे अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजतात आणि ३० ला तर महिनाभर गप्प राहावेत अशीच त्यांची रचना असते. म्हणजे अलार्म शांत आहे याचा अर्थ हवा चांगली आहे असा नाही, आणि आईचं डोकं खरंच दुखत होतं.

मग गॅस कंपनीचा माणूस आला. याचे पैसे पडत नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. धूर कुठे जातो ते बघायचं म्हणाला, तर आईने देवघरातली उदबत्ती आणून दिली. त्याने ती वॉटर हीटरच्या डोक्यावर, जिथून धूर फ्ल्यूमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, शिरतो त्या फटीशी धरली. धूर सरळ वर गेला. मग त्याने कपड्यांचा ड्रायर, बाथरूमचा पंखा, स्वयंपाकघरातली चिमणी, सगळं चालू केलं आणि दार लावून घेतलं. धुराची रेघ थांबली, थरथरली आणि उलटी फिरून आमच्या अंगावर आली.

आई नुसतं बघत होती. म्हणाली, "अरे, शेगडी पेटवून दार लावून कोणी बसतं का?"

त्याने जमिनीवर बसून हिशोब मांडला. फर्नेस ८०,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं माप), वॉटर हीटर ४०,००० चा. घरातलीच हवा वापरायची तर दर हजार बीटीयूला ५० घनफूट जागा लागते, म्हणजे ६,००० घनफूट. पूर्वी अख्खं बेसमेंट मिळत होतं, सुमारे ७,२०० घनफूट. नव्या खोलीत उरले होते ३३६. ड्रायर आणि पंखे घरातली हवा बाहेर फेकतात, तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. बाहेरच्या पाईपमध्ये कापूस, दाराला रबर. मग ती फ्ल्यूमधून खाली येते, धूर घेऊन. शिवाय हवा कमी पडल्यामुळे गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं जातात, त्याचं कारण हेच. त्या बातम्या मी दर हिवाळ्यात वाचतो.

फर्नेस बदलून यातलं काहीही बदलणार नव्हतं. टेक्निशियन त्याच दारातून आत गेला, त्या कापसासमोर उभा राहिला. त्याला दिसलं नाही, की दिसूनही विकता येण्यासारखं नव्हतं, हे तुम्हीच ठरवा.

दुरुस्ती किती? ४२० डॉलर, परमिटसकट. दाराच्या भिंतीला दोन जाळ्या बसवल्या, एक छतापासून १२ इंचांच्या आत, दुसरी जमिनीपासून १२ इंचांच्या आत. प्रत्येकीची मोकळी जागा दर हजार बीटीयूला एक चौरस इंच, म्हणजे आमच्यासाठी १२०. जाळीच्या पट्ट्यांतच जागा जाते, म्हणून लोखंडी जाळी १६० च्या वर घ्यावी लागली. लाकडी घेतली असती तर याच्या तिप्पट. बेडरूमच्या भिंती उभ्या राहिल्याने बेसमेंटची उरलेली जागाही पुरत नव्हती, म्हणून बाहेरचा पाईप पुन्हा मोकळा केला. गार वारा येतो. येऊ दे.

कंपनीला फोन केला तर म्हणाले, "जुनी फर्नेस भंगारात गेली, आता सिद्ध कसं करणार?" पुढे १,५०० डॉलर परत द्यायला तयार झाले, पण कुठेही काही लिहिणार नाही अशा कागदावर सही करायची अट होती. हातची एक सही पुरे झाली होती. स्टेटच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार केली आणि स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, दावा लावला. इथे १०,००० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय जाता येतं.

त्याने दाखवलेला चिरेचा फोटो बिलासोबत ईमेलनेही आला होता. परवा बेसमेंटच्या कामाचे जुने फोटो चाळताना आमच्या फर्नेसचा, झाकण उघडं असतानाचा एक सापडला. त्यात चार बर्नर आहेत. त्यांच्या फोटोत पाच. दोन्ही छापून फाईलला लावलेत, तारीख पुढच्या महिन्यात आहे.