रोम आणि सात रात्रींची क्रूझ: आई-बाबा, मुलं सोबत असताना निवांत इटली

साठी-सत्तरीचे आई-बाबा, शाळकरी मुलं आणि तुम्ही दोघं, अशा घराला इटली दाखवायची असेल तर रोज हॉटेल बदलणारी बसची सहल आम्ही सुचवणार नाही. तिच्यात शहरं मोजून होतात, पण आठवड्याभरात थोरल्यांचे गुडघे आणि मुलांचा उत्साह दोन्ही संपतात. त्याऐवजी आधी तीन रात्री रोममध्ये राहायचं आणि मग चिव्हिताव्हेक्या बंदरातून सात रात्रींची पश्चिम भूमध्य समुद्राची क्रूझ घ्यायची. सामान फक्त दोन ठिकाणी लावायचं असतं, हा या बेताचा सगळ्यात मोठा फायदा. आमच्या मते कुटुंबासाठी इटलीचा यापेक्षा सोपा बेत नाही. मात्र आरक्षण करताना काही गोष्टी बघितल्या नाहीत तर हाच बेत दमवणारा होतो.

जहाज कुठून पकडायचं, हे पहिलं ठरवा. या मार्गावर एमएससी आणि कोस्टा या दोन कंपन्यांची जहाजं सर्वाधिक दिसतात. चिव्हिताव्हेक्या, जेनोआ, मार्सेल, बार्सिलोना आणि त्यांच्या जोडीला नेपल्स, पालेर्मो, पाल्मा किंवा व्हॅलेटा, अशी गोल फेरी असते. प्रवासी यातल्या अनेक बंदरांत चढतात आणि उतरतात, त्यामुळे तीच फेरी बार्सिलोनाहून सुरू केली की कधी कधी स्वस्त दिसते. तो मोह टाळा. बार्सिलोनाहून निघालात तर रोम तुमच्या वाट्याला एका दिवसाचं बंदर म्हणून येतं, आणि चिव्हिताव्हेक्या रोमपासून सत्तरेक किलोमीटर दूर आहे. जाण्यायेण्यात तीन तास गेल्यावर उरलेल्या वेळात रोम बघायचं म्हणजे पळापळ होते. चिव्हिताव्हेक्याहूनच निघालात तर रोमला हक्काचे दिवस मिळतात आणि क्रूझमधलं एकही बंदर वाया जात नाही.

‘व्हेनिसहून क्रूझ’ असं लिहिलेल्या जाहिराती नीट वाचा. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे काही जहाजं मार्घेराच्या औद्योगिक बंदरातून सुटतात, तर काही थेट रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून. ही दोन्ही बंदरं व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. तिकिटावर बंदराचं नाव काय छापलंय ते पैसे भरण्याआधी बघा.

रोम क्रूझच्या आधी ठेवायचं, नंतर नाही. विमानाला उशीर झाला किंवा बॅग मागे राहिली तर जहाज थांबत नाही, हॉटेल मात्र थांबतं. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी ईईएस पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावरच्या रांगेसाठी जास्तीचा वेळ धरा. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात.

फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकापर्यंत लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत जाते, तिकीट १४ युरो. चार-पाच जण आणि मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी जास्त परवडते. जुन्या तटबंदीच्या आतल्या भागासाठी ठरलेलं भाडं असतं, ते अधिकृत पांढऱ्या टॅक्सीतच मिळतं आणि माणशी नसून गाडीमागे असतं. राहायला तेर्मिनीपेक्षा व्हॅटिकनजवळचा प्राती भाग आम्हाला जास्त पटतो. रस्ते सपाट, फुटपाथ रुंद, मेट्रो हाताशी आणि रात्री जेवून पायी परतताना जिवाला घोर नाही. हॉटेलच्या बिलात शहर-कर धरलेला नसतो, तो निघताना वेगळा द्यावा लागतो. तीन तारांकित हॉटेलात माणशी रात्री ६ युरो आणि चार तारांकितमध्ये ७.५० युरो असा त्याचा दर आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ.

तीन रात्रींत कोलोसियम, व्हॅटिकन आणि एक मोकळा दिवस एवढंच ठेवा. कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात आणि ती नावावर असतात, म्हणून पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांच्यासाठीही शून्य रुपयाचं तिकीट काढावंच लागतं. इथे बरेच जण अडकतात आणि मग मुलांसकट दारात ताटकळतात. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांची हाफ पँटही गुडघ्याच्या वर नको. रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत. आई-बाबांना पातळ तळव्याच्या चपला चालणार नाहीत, जाड सोलचे बूट घरूनच घालायची सवय करून या. पाण्याची बाटली मात्र रिकामीच ठेवा, रस्त्यावरच्या लोखंडी नळांना चोवीस तास थंड, पिण्याजोगं पाणी येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

व्हिसा इटलीचाच काढा, कारण चढणं-उतरणं आणि जास्तीत जास्त मुक्काम तिथेच आहे. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याखालच्यांना नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच करा, नंतर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. क्रूझच्या पुष्टीपत्रावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आलंय ना, तेही तपासा. एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. काही फेऱ्यांत ट्युनिशियाचं बंदर असतं, तिथे पाऊल टाकलं की तुम्ही शेंगेनबाहेर जाता. अशा फेरीसाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. इटली, फ्रान्स, स्पेन, माल्टा एवढीच बंदरं असतील तर हा प्रश्न येत नाही.

जहाजाच्या दिवशी लहान कुटुंबाला लोकल गाडी पुरेशी आहे. ती तेर्मिनीहून सुटते, पण ओस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे आणि सान पिएत्रो इथेही थांबते. प्रातीत राहिलात तर टॅक्सीने सान पिएत्रो गाठा, तेर्मिनीच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. प्रवास तासाभराचा. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय गाडीत चढू नका, नाहीतर दंड होतो. चिव्हिताव्हेक्याला उतरल्यावर लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत चालत किंवा बसने जायचं, तिथून जहाजापर्यंत मोफत बस. सहा-आठ माणसं असतील तर मात्र हॉटेलच्या दारातून व्हॅन ठरवा. लोकलपेक्षा महाग पडेल, पण आजींना व्हीलचेअर लागत असेल तर तोच मार्ग बरा.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मे, चार्जर आणि मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. स्वयंपाकाचं सामान नेणार असाल तर आधी हे वाचा. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटा कुकर, यांतलं काहीही जहाजावर चालत नाही, तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. युरोपात तर त्याआधीच अडचण येते. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, पनीर, खवा घरीच ठेवा. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे यांनाही प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं हे मूळ पाकिटात सीलबंद असेल तर सहसा काही अडत नाही.

केबिन घेताना जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. चौघांच्या केबिनमध्ये वरचे दोन पलंग छतातून उतरतात आणि शिडीने चढावं लागतं. मुलांना ते आवडतं, आजोबांना तिथे झोपवू नका. थोरल्यांना शेजारची वेगळी केबिन घ्या, तीही बाल्कनीची. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत अशी हीच एक गोष्ट, कारण बंदरात न उतरण्याच्या दिवशी तीच त्यांची बैठकीची खोली होते. एमएससीच्या अनेक फेऱ्यांवर दोन प्रौढांसोबत एकाच केबिनमध्ये राहणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना भाडं नसतं, बंदर-कर तेवढे भरावे लागतात. मोठी बचत होते, पण अशा केबिनी लवकर संपतात.

जाहिरातीतल्या आकड्यावर आणखी काय चढतं, तेही धरून चला. सेवाशुल्क माणशी रात्री साधारण दहा ते पंधरा युरो, ते आपोआप खात्यात लागतं. रात्रीच्या जेवणाला टेबलावर पाण्याची बाटली मागितली तरी पैसे पडतात, बुफेतलं यंत्राचं पाणी मात्र मोफत. पेयांचं पॅकेज एकाने घेतलं की केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. घरात कुणी दारू घेत नसेल तर ते घेऊच नका, कॉफी-सरबतापुरतं सुटं बिल स्वस्त पडतं. आणि जहाज सुटलं की फोन विमान मोडवर टाका. खुल्या समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो, भारतातून घेतलेला युरोपचा रोमिंग पॅक त्याला लागू नसतो. परतल्यावर बिल बघून डोळे पांढरे होतात.

जेवण हा आपल्या लोकांचा खरा काळजीचा विषय. आरक्षणाच्या वेळीच ‘भारतीय शाकाहारी’ किंवा ‘जैन’ अशी नोंद लेखी करून घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी रेस्टॉरंटच्या प्रमुखाला भेटून पुढच्या दिवसाचं जेवण आधी सांगून ठेवा. या जहाजांवर गोवा आणि मुंबईची बरीच मंडळी कामाला असतात. त्यांच्याशी आपुलकीने बोललात तर वरण-भात किंवा साधी भाजी-पोळी जमवायचा प्रयत्न होतो, मात्र हक्काने मिळेल असं धरू नका. रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात. पहिली घ्या. दुसरी नऊच्या सुमारास बसते आणि उठेपर्यंत मुलं टेबलावरच झोपतात.

किनाऱ्यावर काटेकोर शाकाहारींना जास्त जपावं लागतं. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, आणि ते पेस्तो या हिरव्या चटणीत असतं. रिसोत्तो हा मऊ भात आणि मिनेस्त्रोने हे भाज्यांचं सूप अनेकदा मांसाच्या रश्शात शिजवतात. पियादिना या पोळीत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या पाकिटातल्या पास्त्यात सहसा नसतं. निर्धास्तपणे मागवावा असा पदार्थ म्हणजे मारिनारा पिझ्झा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, बस्स, चीजसुद्धा नाही. वेटरला ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा’ म्हणजे मांस, मासे, अंडं नको, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ निभतं.

आता बंदरं. सगळीकडे उतरायचं नाही, हे घरात आधीच ठरवून टाका. जेनोआत जहाज गावालाच लागतं. मत्स्यालय पायी वीसेक मिनिटांवर आहे, मुलांसाठी यापेक्षा चांगला दिवस नाही. नेपल्सलाही जहाजातून उतरून पाच मिनिटांत तुम्ही किल्ल्यासमोर असता. गाव बघून पिझ्झा खाऊन परत, हा थोरल्यांचा दिवस. पाँपेई बघायचंच असेल तर दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकीट नावावर असतं, तेव्हा आधी काढा. तिथल्या प्राचीन रस्त्यांचे मोठे, उंचसखल दगड गुडघ्यांना त्रास देतात आणि सावली जवळपास नाही. त्यासाठी अँफिथिएटरच्या बाजूच्या दारातून आत जा, तिथून तीन किलोमीटरहून लांब असा चढउतार कमी केलेला मार्ग आखलेला आहे. मार्सेलचा धक्का गावापासून बराच लांब आहे. आम्ही थोरल्यांना तिथे जहाजावरच राहायला सांगू. सगळे उतरून गेल्यावर तरणतलाव आणि जकूझी जवळजवळ रिकामे असतात.

फेरीत लिव्होर्नो असेल आणि फ्लोरेन्स बघायचं असेल तर जाताना दीड तास, येताना दीड तास. लहान मुलांसोबत पिसा पुरे, रेल्वेने वीस मिनिटांच्या आत. लांबच्या अशा ठिकाणी जहाजाची सहल महाग असली तरी तीच घ्या, तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलात तर थांबणार नाही. शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, ती रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत भाडं कमी असतं आणि ऊन मवाळ, पण ऑक्टोबरच्या शेवटाकडे पाऊस येतो आणि उघड्या तलावात पोहायचं विसरा. मे महिना सगळ्यांत उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये आई-बाबांना नेऊ नका, रोमच्या दगडांवर ऊन सहन होत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि बूट आधी बाजूला काढा, ते बॅगेसोबत गेले तर मिळत नाहीत. सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत गटागटाने उतरवतात. फ्युमिचिनोला जायला रोममध्ये शिरायची गरज नाही, लोकलने त्रास्तेव्हेरेला उतरून विमानतळाची गाडी पकडायची. दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नका, आणि संध्याकाळचं मिळालं तर तेच घ्या.