नव्या जहाजासाठी इंधन निवडताना : हरित अमोनिया की हरित मिथेनॉल?

आज मागणी नोंदवलेले मालवाहू जहाज पुढची २० ते २५ वर्षे समुद्रात राहणार असते, त्यामुळे त्याच्या इंधनाचा निर्णय एकदाच घेऊन दीर्घकाळ निभावावा लागतो. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला साठवावा लागत असल्याने लांबच्या फेऱ्यांसाठी तो तूर्त बाजूला ठेवलेला बरा. मग खरी निवड अमोनिया आणि मिथेनॉल यांच्यातच उरते.

दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते. सौर किंवा पवन विजेवर पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन मिळवायचा. एक टन अमोनियासाठी तो सुमारे १७८ किलो लागतो, तर एक टन मिथेनॉलसाठी सुमारे १९० किलो. फरक पडतो तो दुसऱ्या घटकामुळे. अमोनियाला लागणारा नायट्रोजन हवेतच ७८ टक्के आहे आणि त्याला हायड्रोजनशी जोडण्याची हाबर-बॉश पद्धत जर्मनीतील ओप्पाउ येथे १९१३ पासून औद्योगिक वापरात आली. मिथेनॉलला मात्र टनामागे सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो जैविक स्रोतातून किंवा थेट हवेतून घेतलेला असेल तरच ते इंधन हरित म्हणवून घेऊ शकते. डेन्मार्कमधील कासो येथे २०२५ मध्ये सुरू झालेला प्रकल्प बायोगॅसमधून मिळणारा कार्बन डायऑक्साइड वापरतो, पण त्याची वार्षिक क्षमता ४२,००० टन, म्हणजे जेमतेम एखाद्या मोठ्या कंटेनर जहाजाच्या गरजेइतकीच आहे. माझ्या मते मिथेनॉलची खरी अडचण ही आहे.

अमोनियाच्या पुरवठ्यावरही दुसरा हक्कदार आहे, तो म्हणजे खत उद्योग. २०२५ च्या लिलावात पारादीप येथील खत कारखान्यासाठी हरित अमोनियाचा दर किलोला ५५.७५ रुपये ठरला. नैसर्गिक वायूपासून बनणारा टनभर अमोनिया सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे मिश्र खतांमध्ये त्याची जागा घेणे हा हरित अमोनियाचा पहिला उपयोग असावा, असे मला मनापासून वाटते.

वाहतुकीत मिथेनॉल सोपे आहे, कारण ते साध्या तापमानाला द्रव असते. अमोनिया उणे ३३ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो. तरी त्याची जहाजे अनेक दशके ये-जा करत आहेत आणि ट्रॉम्बे, थळ, तळोजा येथील कारखान्यांना तो हाताळण्याचा दीर्घ अनुभव आहे. तेवढ्याच ऊर्जेसाठी जहाजांच्या नेहमीच्या इंधनाच्या, म्हणजे जड तेलाच्या, तुलनेत मिथेनॉलला सुमारे अडीचपट, तर अमोनियाला सुमारे तिप्पट जागा लागते.

सर्वाधिक विचार करायला हवा तो इंजिनरूममधल्या माणसांचा, ज्यांत कोकणातले अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हवेत दहा लाखांत ३०० भाग अमोनिया झाला की जिवाला तात्काळ धोका मानला जातो. म्हणून दुहेरी भिंतींच्या नळ्या, गळतीसूचक यंत्रणा, स्वतंत्र वायुवीजन आणि श्वसनसंच यांचा खर्च टाळता येत नाही. मिथेनॉलही विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, पण गळती झाल्यास ते आवरणे तुलनेने सोपे असते. नियमांचा अनुभवही त्याच्याच बाजूने आहे : आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अंतरिम मार्गदर्शक तत्त्वे मिथेनॉलसाठी २०२० मध्ये आली, अमोनियासाठी डिसेंबर २०२४ मध्ये.

म्हणून प्रवासी फेरीबोट किंवा दाट वस्तीच्या बंदरांत वारंवार थांबणारे जहाज असेल, तर मी मिथेनॉलच निवडेन, मात्र जैविक कार्बनचा दीर्घकालीन पुरवठा करार हाती आल्यावरच. अमोनिया वाहून नेणारे जहाज किंवा ठरावीक बंदरांदरम्यान लांब पल्ल्यावर धावणारे मोठे मालवाहू जहाज असेल, तर अमोनियाकडे झुकणे मला सयुक्तिक वाटते. मात्र अमोनिया जळताना निघू शकणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापकारक आहे. इंजिन उत्पादकाकडून त्याची वेगवेगळ्या भारांवरची मोजमापे, आणि इंजिनात अमोनिया पेटवण्यासाठी किती डिझेल लागेल याचा आकडा, करारावर सही होण्यापूर्वी लेखी घ्यावा.