एनेत्स लिहायला चारिस फाँट: देखणा, भरवशाचा, पण चुका झाकणारा

चारिस हा भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल संस्थेचा मोफत फाँट. अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांच्या १९८७ सालच्या बिटस्ट्रीम चार्टर या फाँटवर तो बेतलेला आहे. लॅटिन, सिरिलिक (रशियन ज्या लिपीत लिहितात ती) आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी (उच्चार लिहायची चिन्हं) अशा तिन्हींची अक्षरं त्यात एकाच वळणाची आहेत. भाषाशास्त्र शिकणाऱ्यांना तो ओळखीचा असतो. इथे मात्र त्याचं एकच काम तपासलं आहे: एनेत्स भाषेचा मजकूर, तिचे उच्चार आणि शेजारी मराठी स्पष्टीकरण असं पान त्यात नीट बसतं का?

एनेत्स ही उरालिक कुळातल्या सामोयेद शाखेची भाषा. रशियातल्या येनिसेई नदीच्या खालच्या टप्प्यात आणि तैमिर द्वीपकल्पावर तिचे बोलणारे राहतात. वनएनेत्स आणि टुंड्राएनेत्स अशा तिच्या दोन बोली, पहिली पोतापोवो गावाकडची आणि दुसरी वोरोन्त्सोवोकडची. रशियाच्या २०१० च्या जनगणनेत २२७ जणांनी स्वतःला एनेत्स म्हणवलं आणि भाषा येते असं ४३ जणांनी सांगितलं. इतक्या थोड्या लोकांच्या भाषेत लिखाणही थोडंच असतं. एखादा शब्द चुकीच्या संकेतांकाने (संगणकातल्या अक्षराच्या क्रमांकाने) टाइप झाला आणि शोधात सापडला नाही, तर तो दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळेलच असं नाही. म्हणून इथे फाँटच्या सौंदर्यापेक्षा अचूकतेला जास्त गुण द्यायला हवेत.

एनेत्सची इथे धरलेली वर्णमाला १९८० च्या दशकात तयार झाली. रशियन सिरिलिक अक्षरं, त्यांत दोन जादा अक्षरं, आणि कंठ्य अडथळ्यासाठी (घसा क्षणभर बंद होतो तो आवाज) अपॉस्ट्रॉफीसारखी एक खूण. फाँटची खरी परीक्षा दोन जादा अक्षरं आणि ही खूण या तिघांवरच होते. भाषेचं स्वतःचं नाव ‘ओनाय बाझान’ सिरिलिकमध्ये टाइप करून फाँट पारखू नका. त्यातली सगळी अक्षरं साधी रशियन आहेत, कुठल्याही फाँटमध्ये ती छानच दिसतात.

पहिलं जादा अक्षर म्हणजे उलटा ‘झे’, इंग्रजी ३ चं आरशातलं रूप. त्याचा आवाज उघडा ए. आपला ‘देव’ मधला ए आणि ‘बॅट’ मधला ॲ यांच्या मधोमध जीभ ठेवा, ॲ कडे जरा झुकवा, की जवळपास पोचता येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या जागतिक यादीत, या अक्षराची जोडी २००६ मध्ये, ५.० आवृत्तीत आली: मोठं ०५१०, लहान ०५११ (असे चार जागांचे संकेतांक सोळाच्या पद्धतीतले आहेत). त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसतंच, तिथे रिकामा चौकोन येतो किंवा दुसऱ्या फाँटमधून उसना घेतलेला विजोड आकार दिसतो. चारिसमध्ये ते आहे, आणि चांगलं आहे. पोटातला खाच ठळक आहे, त्यामुळे ९ पॉइंटलाही ते सिरिलिक ‘एस’ शी मिसळत नाही.

चुका इथूनच सुरू होतात. ध्वनिलिपीतलं उघड्या ए चं लॅटिन चिन्ह (०२५बी) दिसायला हुबेहूब असंच, ग्रीक एप्सिलॉन (०३बी५) त्याच्या जवळपास. चारिस लॅटिन आणि सिरिलिक अक्षराला एकाच कुटुंबातला आकार देतो, त्यामुळे छापलेल्या पानावर घोटाळा कळतच नाही. संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरं. शब्दसूची अकारविल्हे लावली की लॅटिन चिन्ह असलेले शब्द सिरिलिकच्या आधी जाऊन बसतात, आणि शोधात अर्धेच शब्द सापडतात. हा दोष फाँटचा म्हणता येणार नाही, पण चारिस वापरणाऱ्यांकडे ध्वनिलिपी आणि सिरिलिक दोन्ही एकाच दस्तऐवजात असतात, त्यामुळे हाच घोळ त्यांच्याकडे जास्त होतो.

दुरुस्ती वर्डमध्ये करता येते. शोधाच्या चौकटीत वर जाणारी टोपीची खूण, लगेच इंग्रजी लहान ‘यू’ आणि पुढे दशमान आकडा ६०३ टाका, म्हणजे लॅटिन चिन्ह सापडतं. बदलीच्या चौकटीत खरं सिरिलिक अक्षर चिकटवा (त्याचा दशमान आकडा १२९७), ‘मॅच केस’ चालू ठेवा आणि मोठ्या अक्षराची फेरी वेगळी करा. सगळ्या फाइलवर एकदम ‘रिप्लेस ऑल’ मात्र करू नका. उच्चाराच्या स्तंभात तेच लॅटिन चिन्ह बरोबर असतं, ते बदललं तर ध्वनिलेखन बिघडतं. आधी एनेत्स शब्दांचा स्तंभ निवडा, मग बदल करा. नव्याने टाइप करायचं तर इंग्रजी आकड्यांत ०५११ लिहून ऑल्ट आणि एक्स दाबा. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत हे चालतं. रोजचं काम असेल तर ऑटोकरेक्टमध्ये एक छोटी खूण बांधून ठेवा.

दुसरं जादा अक्षर आकडी असलेला ‘एन’. सिरिलिक एनच्या उजव्या पायाला खाली आत वळलेली आकडी. आवाज ङ चा, आपण ‘अंगण’ म्हणताना ग च्या आधी नाकातून येतो तोच. हे अक्षर (लहान रूप ०४सी८) युनिकोडमध्ये फार आधीपासून आहे, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये बहुधा हे मिळतं आणि उलटा झे मिळत नाही. पायाखाली सरळ शेपूट असलेला एन (०४ए३) आणि तिरकी शेपूट असलेला एन (०४सीए) ही वेगळी अक्षरं आहेत. चारिसमध्ये १२ पॉइंटला आकडी आणि सरळ शेपूट यांतला फरक स्पष्ट दिसतो. ८ पॉइंटच्या तळटिपेत तो पुसट होतो. तळटिपा ९ च्या खाली नेऊ नका.

तिसरी गोष्ट कंठ्य अडथळ्याची खूण, आणि सगळ्यात जास्त नुकसान हिच्यात होतं. तोंड मिटून ‘अं-अं’ करत आपण नको म्हणतो, तेव्हा दोन अं च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो. हाच अडथळा एनेत्समध्ये पूर्ण व्यंजन आहे. शब्दाच्या शेवटी तो अनेकवचनही दाखवतो, म्हणजे खूण गळाली तर एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसू लागतं. योग्य चिन्ह ०२बीसी, जे युनिकोडच्या दृष्टीने अक्षर आहे. वर्ड मात्र साध्या अपॉस्ट्रॉफीचं आपोआप वळलेलं अवतरण चिन्ह (२०१९) करतं, आणि ते विरामचिन्ह आहे. शब्दावर दोनदा क्लिक केलं, किंवा आज्ञावलीने शब्दांची यादी काढली, की शेवटचं विरामचिन्ह बाहेर राहतं. अनेकवचन तिथेच हरवतं. त्यामुळे कामाला बसण्याआधी ऑटोफॉरमॅटमधलं ‘स्मार्ट कोट्स’ बंद करा.

इथे चारिस खरोखर मदतीला येतो. अक्षर असलेल्या अपॉस्ट्रॉफीसाठी त्यात मोठा आकार दिलेला आहे, वैशिष्ट्य क्रमांक सीव्ही७०. तो चालू केला की बरोबर खूण मोठी दिसते आणि चुकीचं अवतरण चिन्ह लहान राहतं. मुद्रितशोधन नजरेनेच होतं. याच एका सोयीसाठी एनेत्सच्या कामात हा फाँट इतरांच्या पुढे ठेवावासा वाटतो. लिबरऑफिसमध्ये फाँटच्या खिडकीतल्या ‘फीचर्स’ बटणातून ते मिळतं. वर्डमध्ये सीव्ही जातीची वैशिष्ट्यं चालत नाहीत. तिथे एसआयएलच्या टाइपट्यूनर या मोफत साधनाने मोठी खूण कायमची बसवलेली प्रत बनवून घ्यावी लागते. तिला वेगळं नाव द्या, नाहीतर मूळ फाँटशी गोंधळ होतो.

वर्णमालेतली एक त्रुटी कुठलाच फाँट भरून काढणार नाही. बंद ओ आणि उघडा ऑ हे एनेत्समध्ये वेगळे स्वर आहेत, पण १९८० च्या दशकातल्या वर्णमालेत दोघांना एकच अक्षर आहे. म्हणून सिरिलिकवरून थेट उच्चार काढू नका, शेजारी ध्वनिलेखन हवंच. तालव्य व्यंजनांचंही तसंच: सिरिलिकमध्ये त्यांची खूण पुढच्या स्वरात किंवा मृदुचिन्हात (व्यंजन मऊ करणाऱ्या सिरिलिक चिन्हात) असते, ध्वनिलिपीत व्यंजनाच्या खांद्यावर छोटा ‘जे’ येतो. एका अक्षराला एक अक्षर अशी बदली इथे फसते. चारिसमध्ये दोन्ही स्तंभ एकाच जाडीचे आणि उंचीचे बसतात, ही मोठी सोय आहे.

तिरप्या अक्षरांबद्दल तक्रार आहे. भाषाशास्त्रात उदाहरणं तिरपी छापायची रीत आहे, पण सिरिलिकमध्ये तिरपा ‘ते’ रोमन लहान एम सारखा दिसतो. चारिस ही रशियन परंपरा प्रामाणिकपणे पाळतो. सिरिलिक नव्याने शिकणारा मराठी वाचक तिथे हमखास अडखळतो. मराठी वाचकांसाठी एनेत्स शब्द सरळच ठेवा, उठाव हवा तर मध्यम जाडी वापरा, तीही उपलब्ध आहे.

देवनागरी चारिसमध्ये नाही. अन्नपूर्णा एसआयएल किंवा नोटो सेरिफ देवनागरी जोडीला घ्या. वर्डच्या शैलीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ चा फाँट वेगळा निवडावा लागतो, लिबरऑफिसमध्ये तीच जागा ‘सीटीएल’ नावाने आहे. चारिस ११ आणि देवनागरी १२ पॉइंट ठेवलं की दोन्ही डोळ्याला सारखे वाटतात. चारिसची ओळींमधली जागा एकावर एक चढणाऱ्या चिन्हांसाठी मुळातच सैल आहे, त्यात मात्रांची भर पडली की पान विस्कटतं. ओळीचं अंतर ‘एक्झॅक्टली १८’ पॉइंट केलं तर सुटसुटीत बसतं आणि रफार, वेलांट्या कापल्या जात नाहीत.

पीडीएफ झाल्यावर त्यातला एक एनेत्स शब्द कॉपी करून परत वर्डमध्ये चिकटवा आणि प्रत्येक संशयास्पद अक्षरानंतर ऑल्ट-एक्स दाबून संकेतांक बघा. वेबपानासाठी लागणाऱ्या वॉफ२ फाइली संचातच येतात. भाषेचा संकेत वनएनेत्सला ईएनएफ, टुंड्राएनेत्सला ईएनएच लावा.

नवी सातवी आवृत्ती घेताना एक लक्षात ठेवा. आधी फाँटचं नाव ‘चारिस एसआयएल’ होतं, आता नुसतं ‘चारिस’ आहे. जुन्या फाइली नवं नाव आपोआप ओळखत नाहीत, संगणक गुपचूप दुसराच फाँट लावतो. जुना फाँट काढण्याआधी फाइलींमधल्या शैली एकेक करून नव्या नावावर आणा.