एटिमॉनलाइन : इंग्रजी शब्दांचं कूळ शोधायला फुकट कोश

डग्लस हार्पर यांचा हा ऑनलाइन कोश बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मराठी शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर असायलाच हवा. ‘कबर्ड’ शोधून बघा. स्पेलिंग पूर्ण टाका, कारण बोलताना त्यातला ‘पी’ गिळला जातो. हा जोडशब्द, कप अधिक बोर्ड. चौदाव्या शतकाच्या अखेरीस अर्थ होता कप मांडायची फळी किंवा मेज, तेही उघडं! दारं असलेलं कपाट हा अर्थ सोळाव्या शतकातला. आता ‘बोर्ड’ची नोंद वेगळी उघडा. फळीवरून मेज, मेजावरून जेवण असा अर्थ सरकत गेला. वसतिगृहाला ‘बोर्डिंग’ का म्हणतात तेही तिथंच उलगडतं.

एक जपायचं. नोंदीतली तारीख लेखी पुराव्याची असते, शब्द बोलण्यात त्याआधीही असू शकतो.

आपल्याकडं मराठीत ‘कपाट’, कानडीत ‘कपाटु’, म्हणून मुलं त्याचं नातं थेट ‘कबर्ड’शी जोडतात. ते चूक आहे. ‘कपाट’ संस्कृतातलं, मूळ अर्थ दार, ‘कवाड’ही त्यातलंच. त्यासाठी मराठी व्युत्पत्तिकोशच उघडावा लागतो.