नाट्यगृहात न्यायचं की शाळेत बोलवायचं?

मुलांना एखादा प्रयोग दाखवायचं ठरलं की शाळेपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: मुलांना नाट्यगृहात न्यायचं, नाहीतर कलाकारांना शाळेत बोलवायचं. हे ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि दोन्ही मी करून पाहिलं आहे.

नाट्यगृहाची बाजू भक्कम आहे. तिसरी घंटा, हळूहळू होणारा अंधार, पडदा सरकताना मुलांची आपोआप थांबणारी कुजबुज, हे शाळेत सतरंजीवर बसून मिळत नाही. पूर्ण वाद्यवृंद तर शाळेच्या हॉलमध्ये मावतही नाही. अमेरिकन संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत मुलांसाठी टीव्हीवर दाखवली जाणारी जी मैफलींची मालिका सुरू केली, तिच्या पहिल्याच कार्यक्रमात एक तुकडा वाजवून त्यांनी विचारलं, हे संगीत कशाबद्दल आहे? मुलांनी जागेवरूनच ओरडून उत्तरं दिली. असा निवेदक असेल तर मोठं प्रेक्षागृहही बोलकं होतं. पण तसा निवेदक क्वचित मिळतो.

शाळेतल्या प्रयोगाच्या अडचणीही खऱ्या आहेत. आवाज घुमतो, खिडक्यांतून उजेड येतो, मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात आणि ऐन प्रसंगात तासाची घंटा वाजते.

तरीही माझं मत शाळेकडे झुकलं ते प्रयोग संपल्यानंतरच्या वेळेमुळे. नाट्यगृहात कलाकार नमस्कार करत असतानाच आमची ‘उठा, रांग करा’ सुरू होते. बस उभी असते, पुढच्या प्रयोगासाठी हॉल रिकामा करायचा असतो, पोरं मोजायची असतात. एकदा परतीच्या बसमध्ये एका मुलीने मला विचारलं, ‘तो काका खरंच रडत होता का?’ मी काय सांगणार? ज्याला सांगता आलं असतं, तो तिकडे रंग पुसत होता. हे दर वेळी होतं आणि मला दर वेळी लागतं.

शाळेत बाहुल्यांचा खेळ संपला की मुलं थेट सूत्रं धरणाऱ्या बोटांपाशी जाऊन उभी राहतात. बाहुलीची मान कशी वळते ते कलाकार दाखवतो, मग एखाद्याच्या हातात ती सूत्रं देतो.

१९६५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या बेलग्रेड थिएटरने शाळांसाठी नाट्यपथक सुरू केलं, तेव्हा नट-शिक्षक एका वेळी एक-दोन वर्गांसोबतच काम करत आणि मुलांनाही नाटकात ओढत. म्हणून पथक बोलवाल तर सगळी शाळा एकदम बसवू नका.

मोठ्या वर्गांनी नाट्यगृह पाहिलंच नसेल, तर त्यांना एकदा तिकडे न्यावं हे मलाही पटतं. लहान वर्गांसाठी मात्र मी पथकच बोलावतो, आणि ठरवतानाच विचारतो: प्रयोगानंतर अर्धा तास मुलांसोबत थांबाल ना? ‘वेळ मिळाला तर बघू’ असं उत्तर आलं, तर मी दुसरं पथक शोधतो.