हिरवळीतल्या लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन : दोन फवारण्यांनंतर

सांगलीत आमच्या घरापुढे जेमतेम एक गुंठा हिरवळ आहे. चार वर्षांपूर्वी तिच्यासाठी आणलेल्या मातीतून लव्हाळा आला आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळा खुरपे हातात घेऊनच गेला. उपटलेल्या जागी आठवड्याभरात पुन्हा कोंब दिसत. एकदा वीतभर खोल खणले, तेव्हा काळपट गाठी बारीक दोऱ्यासारख्या खोडाने माळेतल्या मण्यांप्रमाणे जोडलेल्या सापडल्या. एक गाठ नखाने फोडली तर चक्क उटण्याचा वास आला, कारण उटण्यातला नागरमोथा तो हाच. वरचा शेंडा तुटला की माळेतल्या निजलेल्या गाठी जाग्या होतात, म्हणून नुसत्या खुरपणीने हे तण हटत नाही.

ग्लायफोसेट या तणनाशकाने हिरवळही जळून जाते, म्हणून ऊसवाल्यांच्या परिचयाचे हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक कृषी सेवा केंद्रातून आणले. पुडीवरची शिफारस उसासाठी आहे, एकरी ३६ ग्रॅम. त्यामुळे हिरवळीवर ते माझ्या जबाबदारीवर आणि आधी एका कोपऱ्यात करून पाहूनच वापरले. गुंठ्याचा हिशेब ०.९ ग्रॅम होतो. चमच्याच्या अंदाजाने एवढे अचूक माप शक्य नाही, म्हणून सोनाराकडे असतो तसा छोटा काटा विकत घेतला, हातमोजे घालून चार लिटर पाण्यात औषध विरघळवले आणि लव्हाळ्याच्या गुळगुळीत पानावर थेंब टिकावेत म्हणून स्टिकर हे चिकटपणा आणणारे द्रावण मिसळले.

दुकानदाराने तीन दिवसांत तण मरेल असे सांगितले होते, पण आठवडाभर काहीच दिसले नाही. हे औषध पान जाळत नाही, तर वाढीला लागणारी काही अमिनो आम्ले रोपाला तयार करू देत नाही. म्हणून आधी वाढ थांबते, मग रंग जातो. दहाव्या दिवशी मधला कोंब पिवळा पडला आणि तिसऱ्या आठवड्यात लव्हाळा तपकिरी होऊन आडवा झाला. शेजारची हरळी मात्र हिरवीगार राहिली, आणि याच गुणासाठी मी हे औषध मनापासून सुचवेन. सहा आठवड्यांनी उरलेल्या गाठींतून आलेल्या कोंबांवर दुसरी फवारणी केली; यंदाच्या पावसाळ्यात सगळे मिळून दहा-बारा कोंबच दिसले.

दोन चुका माझ्या झाल्या. फवारणीच्या आदल्या दिवशी अर्धी हिरवळ कापली होती. औषध मुख्यतः पानांतून आत शिरत असल्याने त्या अर्ध्यात पहिली फवारणी जवळपास वाया गेली. शिवाय वारा असताना फवारल्यामुळे कडेची शेवंतीची दोन रोपे पिवळी पडून खुरटली.

पुडीत अजून चौतीस ग्रॅमहून अधिक औषध शिल्लक आहे आणि ते घरात कुलपाआड ठेवावे लागते. बागेपुरत्या एक-दोन ग्रॅमच्या पुड्या मिळू लागल्या, तर घरगुती हिरवळ राखणाऱ्यांची मोठी सोय होईल.